एक्झॉस्ट बदलला तरी केबिन घुमू नये, यासाठी काय करावं?

विचारलंय ते थोडक्यात असं: दोन लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, सुमारे २५० अश्वशक्ती. मूळ एक्झॉस्ट काढून मोठा कॅटबॅक (कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा पाइप आणि सायलेन्सर) बसवायचा आहे. पाय दाबला की आवाज दमदार यावा, पण हायवेवर एका वेगानं जाताना आत डोकं उठवणारी घूंऽऽ नको.

हे जमतं. फक्त "सगळ्यात कमी आवाजाचा सायलेन्सर कोणता" या वाटेनं गेलात तर जमत नाही. मोठा आवाज हे एक दुखणं आणि घुमणं हे दुसरं, दोन्हीची औषधं वेगळी. बाहेर उभ्या माणसाला गाडी सौम्य वाटते आणि आत बसलेल्याच्या कानात दडे बसतात, असं सर्रास होतं. म्हणून आधी हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं) मोजा, मग पाइप कापा.

घुमतं ते नेमकं काय

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून चार सिलिंडरच्या एक्झॉस्टचा मुख्य सूर काढायचा तर आरपीएमला ३०नं भागायचं. तीन सिलिंडर असतील तर ४०नं, सहाला २०नं, आठाला १५नं. टॉप गिअरमध्ये तुमची गाडी २४०० आरपीएमवर चालत असेल तर सूर निघतो ८० हर्ट्झचा.

आता केबिन बघा. पुढून मागं आतली लांबी दोन मीटर धरली, तर तेवढ्या बंद पोकळीचा स्वतःचा पहिला सूर ८५ हर्ट्झच्या आसपास पडतो. तिसरा गडी म्हणजे पाइप. कॅटपासून टीपपर्यंत, म्हणजे मागच्या उघड्या टोकापर्यंत, तीन मीटर पाइप, मध्ये नुसते आरपार सायलेन्सर, आत गरम वायू. अशा वायूत ध्वनी सेकंदाला साधारण ४५० मीटर जातो. दोन्हीकडून उघड्या नळीचा सूर म्हणजे हा वेग भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे ७५ हर्ट्झ. ८०, ८५, ७५. तिन्ही एकाच घरातले. इंजिन तार छेडतं, पाइप ती वाजवत ठेवतो आणि केबिन तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करते. सायलेन्सर काढून सरळ पाइप लावणाऱ्यांच्या गाड्या नेमक्या हायवेच्या वेगालाच का घुमतात, ते यात आलं.

कंपनी एवढा बोजड सायलेन्सर लावते तो हा सूर मारायला. त्याच्या आतल्या कप्प्यांत लाट परत फिरून स्वतःलाच खाते. आरपार सायलेन्सरमध्ये, म्हणजे भोकांची नळी आणि भोवती फायबर, तसं काही होत नाही. फायबर साधारण ३०० हर्ट्झच्या वरचा आवाज छान पितं: कर्कशपणा, खरखर, फटफट. ८० हर्ट्झची लाट त्यातून जवळजवळ न अडता जाते. म्हणून "रेझोनेटर लावलाय की, मग घुमतं कसं?" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: रेझोनेटर नावाखाली विकला जाणारा तो डबा प्रत्यक्षात फायबर भरलेला छोटा सायलेन्सर असतो. घुमण्यावर तो लागू पडत नाही.

मोजायचं कसं

फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही अॅप चालेल. फोन चालकाच्या डोक्याजवळ, शेजारी बसलेल्याच्या हातात. काचा बंद, पंखा बंद, सपाट मोकळा रस्ता. टॉप गिअरमध्ये १५०० पासून ३५०० पर्यंत हळूहळू चढा आणि कुठल्या आरपीएमला स्क्रीनवर सुळका वर येतो ते लिहून घ्या. फोनचा मायक्रोफोन खालच्या सुरांना कच्चा असतो, त्यामुळे डेसिबलच्या आकड्यावर जाऊ नका. सुळक्याची जागा मात्र तो बरोबर सांगतो.

अॅपमध्ये "ए" वेटिंग (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी मोजणारी पद्धत) असेल तर ते काढून "सी" किंवा "झेड" ठेवा. ए वेटिंग ८० हर्ट्झवर साडेबावीस डेसिबल कापून टाकतं. म्हणूनच जाहिरातीत "फक्त दोन डीबीए वाढ" लिहिलेला एक्झॉस्ट आत बसल्यावर असह्य होऊ शकतो. आकडा खोटा नसतो, तो तुमच्या दुखण्याबद्दल बोलतच नसतो.

त्याच आरपीएमला एक गिअर खाली टाकून बघा. घुमणं आरपीएमबरोबर राहिलं तर इंजिन-एक्झॉस्टची बाजू. वेगाबरोबर राहिलं तर टायर, बेअरिंग किंवा शाफ्ट, आणि तिथं एक्झॉस्टवर पैसे घालणं व्यर्थ. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेच आरपीएम धरा. भाराशिवायही फ्लोअर आणि सीट तेवढीच थरथरत असेल तर हँगर (पाइप टांगणारे रबर) किंवा इंजिन माउंट (इंजिनाचे रबरी आधार) तपासा. भाराखालीच घुमत असेल तर पाइपमधला सूर.

हे मोजमाप मूळ एक्झॉस्टवरही एकदा करून ठेवा. नंतर तुलनेला काही नसेल तर "आधी असं नव्हतं" एवढंच हातात राहतं.

पाइपचा व्यास: हाव नको

एक जुना ठोकताळा आहे. दर १०० अश्वशक्तीला पाइपचं आतलं क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस सेंमी. तुमच्या २५०ला ३० ते ३१ लागेल. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ६३.५ मिमी पाइपला २८.७ मिळतं, ७० मिमीला ३५, ७६ मिमीला जवळपास ४२. माझं मत ७० मिमी. पुढं ट्यूनिंग करून ३००च्या वर जायचं पक्कं असेल तरच ७६. पाइप मोठा झाला की त्याच आकाराच्या सायलेन्सरचा प्रभाव कमी होतो, कारण कप्प्याचं क्षेत्रफळ आणि पाइपचं क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावरच त्याचं काम चालतं. म्हणजे गरज नसताना ७६ लावला तर ताकद जेमतेम तेवढीच राहते आणि आवाज मात्र पदरात पडतो.

टर्बो गाडीत खरा फायदा टर्बाइनच्या लगेच मागे, डाउनपाइपमध्ये असतो. मागचा भाग बदलून ताकद फारशी वाढत नाही, तिथं आवाजच बदलतो. त्यामुळे ताकद हवी असेल तर खर्च पुढं करा आणि मागचा सायलेन्सर मोठा, कप्प्यांचा ठेवा. कॅट काढू नका. कायदा आहेच, शिवाय कॅट स्वतः आवाज बऱ्यापैकी मऊ करतो. काढल्यावर एक धातूसारखी खरखर येते ती मागं काहीही लावलं तरी पूर्ण जात नाही, आणि कॅटमागचा ऑक्सिजन सेन्सर चेक लाइट लावतो तो वेगळा.

जे-पाइप, म्हणजे नेमक्या सुरावरचं औषध

मुख्य पाइपला फांदी फुटावी तसा एक पाइप जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक बंद करायचं. त्यातून वायू वाहत नाही, त्यामुळे बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा) वाढत नाही. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते आणि मुख्य पाइपमधल्या लाटेला उलट्या पावलानं भेटते. लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव हिश्शाएवढी हवी.

सूत्र: लांबी = ध्वनीचा वेग ÷ (४ × हर्ट्झ). वेग = २०.०५ × केल्विन तापमानाचं वर्गमूळ.

खोच तापमानात आहे. वायू २०० अंश सेल्सिअस धरला तर वेग ४३६, आणि ८० हर्ट्झला लांबी १.३६ मीटर. पण बंद फांदीत वायू खेळता नसतो, तो मुख्य पाइपपेक्षा थंड राहतो. १०० अंश धरला तर वेग ३८७, लांबी १.२१ मीटर. शंभर अंशांत पंधरा सेंटिमीटरचा फरक! खोलीच्या तापमानाचा ३४३ वापरून १.०७ मीटरचा पाइप जोडणारेही आहेत. तो मग ८०ऐवजी ९०-१०० हर्ट्झवर काम करतो आणि "जे-पाइप काही कामाचा नसतो" असं ऐकायला मिळतं.

म्हणून सुरुवात लांबीनं करा. १.४ मीटर ठेवा, टोकाला झाकण वेल्ड न करता सरकणारं ठेवा, बँड क्लॅम्पनं आवळा. गाडी वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवा आणि पुन्हा फोनवर बघा. लांबी जास्त असेल तर दबलेला पट्टा खाली सरकलेला असतो, म्हणजे २२००ला शांत आणि २४००ला अजून घूं. मग तीन-तीन सेंमी कमी करत या. प्रत्येक तीन सेंमीला हा पट्टा साधारण ५० आरपीएमनं वर सरकतो. जागा सापडली की झाकण वेल्ड करा. लांबी मुख्य पाइपच्या जोडापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत, वळणावर मधल्या रेषेनं मोजायची.

फांदीचा व्यास मुख्य पाइपएवढाच. बारीक केला तर दबणारा पट्टा अरुंद होतो आणि हायवेचा सगळा टप्पा त्यात बसत नाही. जोड टीपच्या जवळ देऊ नका. उघड्या टोकापाशी दाबाची लाट शून्याच्या जवळ असते, तिथं फांदीला पकडायला काही मिळतच नाही. वर सांगितलेल्या तीन मीटरच्या नळीत पहिल्या सुराचा दाब मध्यावर सर्वांत जास्त असतो. गाडीखाली जागा असेल तिथं, पण मध्याकडे झुकतं माप द्या. बंद टोक जोडापेक्षा थोडं वर ठेवा. उतार उलटा झाला तर थंड इंजिनातलं पाणी फांदीत साचतं, लांबी बदलते आणि पाइप आतून गंजतो.

एवढा लांब पाइप खाली बसत नसेल तर हेल्महोल्ट्झ डबा: बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर होतं तेच तत्त्व. ८० हर्ट्झसाठी ५० मिमी व्यासाची, १० सेंमी लांब मान धरली तर डबा साडेदहा-अकरा लिटरचा लागतो. तोही काही लहान नाही, पण मागच्या बंपरच्या कोपऱ्यात कधी कधी जागा असते.

दोन्ही उपायांची मर्यादा एकच: ते एका सुराला मारतात. दोन वेगवेगळ्या आरपीएमला घुमत असेल तर आधी सायलेन्सर सुधारा, फांद्या वाढवू नका.

सायलेन्सर आणि झडप

तुमच्या गाडीला मी अशी मांडणी करीन: मूळ किंवा वायू जास्त मोकळा जाऊ देणारा कॅट, मग मध्ये किमान ४५ सेंमी लांब आरपार रेझोनेटर खरखर मारायला, मग मागं कप्प्यांचा सायलेन्सर, मग शक्य तितका आखूड टेलपाइप. शेवटचं बरेच जण विसरतात. सायलेन्सरनंतरचा पाइप स्वतःही नळीच असतो. दीड मीटर असेल तर त्याचा सूर १३० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ३९०० आरपीएम. अर्धा मीटर केला तर तो ४०० हर्ट्झवर जातो आणि वाटेतून दूर होतो.

नव्या मागच्या सायलेन्सरचं बाहेरून मोजलेलं आकारमान मूळच्या निम्म्याहून कमी असेल तर मी तो घेणार नाही, आतली रचना कितीही भारी सांगितली तरी. खालचे सूर दाबायला जागा लागते, त्याला तोड नाही. पत्राही बघा. पातळ आवरणाचा सायलेन्सर स्वतःच थरथरून आवाज बाहेर फेकतो. आणि आरपार सायलेन्सरचा नव्यानं ऐकलेला आवाज अंतिम समजू नका. पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये फायबर बसतं, थोडं जळतं, आवाज वाढतो.

दोन्ही जगं हवी असतील तर झडपेचा एक्झॉस्ट सर्वांत सोपा: बंद असताना वायू कप्प्यांतून, उघडी असताना सरळ. खर्च जास्त, कटकट एवढीच की काजळीनं झडप अडकते. मूळ गाडीलाच झडप असेल तर तिचा कनेक्टर किंवा व्हॅक्यूम नळी काढून "कायम उघडी" करू नका. तिचं मुख्य काम क्रूझिंगचा सूर दाबणं हेच असतं. व्हॅक्यूमवाली झडप घेताना व्हॅक्यूम नसताना ती उघडी राहते की बंद, हे विचारा. नळी फुटली की गाडी कुठल्या आवाजात घरी येणार, ते त्यावर ठरतं.

सहा-आठ सिलिंडरच्या गाडीला चालताना अर्धे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असेल तर वेगळा हिशेब: अर्धे बंद झाले की सूर निम्म्यावर उतरतो. तुमच्या चारला हा प्रश्न बहुधा नाही.

बसवताना जे चुकतं

बरीचशी "एक्झॉस्टची घूं" खरं तर पाइप बॉडीला टेकल्याची असते. स्टेनलेस ३०४ चा तीन मीटर पाइप ४०० अंशांनी तापला की सुमारे २० मिमी लांबतो. ४०९ ग्रेड कमी लांबते, सुमारे १३ मिमी. थंड असताना एक बोटभर अंतर दिसतं म्हणून खूश होऊ नका. चारही बाजूंनी २० ते २५ मिमी हवं, आणि मागच्या दिशेला लांबण्याची वाट मोकळी हवी.

हँगरला मऊ रबरच ठेवा. कडक पॉलियुरेथेनचे रंगीत हँगर दिसायला छान, पण इंजिनाची थरथर फ्लोअरला पोचवतात. पुढचा लवचिक फ्लेक्स पाइप गाळून पैसे वाचवू नका. इंजिन माउंटवर हलतं, ते हलणं तिथंच संपायला हवं. जुने हँगर काढताना साबणाचं पाणी लावा. तेल लावलं तर रबर फुगतं.

सगळे जोड आधी हातानं सैल बसवा, पाइप लटकवा, अंतरं जुळवा, मग पुढून मागं आवळत या. उलट क्रमानं आवळलं की पाइप पिळलेला राहतो आणि कुठल्यातरी एका हँगरवर कायम ताण येतो. यू-बोल्टपेक्षा बँड क्लॅम्प बरा, यू-बोल्ट पाइप चेपतो आणि पुन्हा सुटा होत नाही. गॅस्केट नवीच. १०० ते १५० किमीनंतर थंड गाडीवर एकदा सगळं पुन्हा आवळा. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर तिथं गळतंय. ऑक्सिजन सेन्सरच्या पुढं गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) विनाकारण पेट्रोल वाढवतो.

वेल्डिंग स्टेनलेसवर टिगनं (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गन वायू वापरून) करून घ्या आणि पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. नाहीतर आतल्या बाजूला साखरेच्या खड्यांसारखा खडबडीत काळा थर येतो. तिथूनच पुढं तडे जातात.

टीप बंपरच्या बाहेर आलीच पाहिजे. चालत्या गाडीच्या मागं हवेचा भोवरा असतो, आत राहिलेल्या टीपचा धूर त्यात अडकतो आणि डिकीच्या दाराच्या रबरातून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही.

साउंड-प्रूफिंग आणि स्पीकर

ब्युटाइल शीट पत्र्याची थरथर थांबवते. स्टेपनीचा खळगा, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीची बाजू इथं पत्र्याच्या एक तृतीयांश भागावर चिकटवली तरी पुरते. सगळीकडे थर मारणं म्हणजे वजन वाढवणं. पृष्ठभाग अल्कोहोलनं पुसा, रोलरनं दाबा. पण ८० हर्ट्झची लाट हवेत सव्वाचार मीटर लांब असते. तिला एक सेंमी फोम अडवेल ही अपेक्षा सोडा. हे काम एक्झॉस्ट नीट झाल्यावरचं आहे. मागच्या बंपरच्या आत बॉडीला रबरी पाकळ्यांच्या हवा सोडणाऱ्या जाळ्या असतात, टीपचा आवाज तिथून थेट डिकीत येतो. त्या बुजवू नका, दरवाजे लागायला त्रास होईल. त्यांच्या आतल्या बाजूला थोडं अंतर सोडून फोमचा आडोसा करा.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी तपासा, कारण ती फुकट आहे. बऱ्याच गाड्या इंजिनाचा आवाज मुद्दाम केबिनमध्ये आणतात. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसारख्या गाड्यांत विंडस्क्रीनच्या पायथ्याशी त्यासाठी वेगळं यंत्र असतं, बीएमडब्ल्यू एम ५च्या एफ १० पिढीत तो आवाज स्पीकरमधून येतो. मूळ आवाज शांत होता म्हणून ही भर चालून जात होती. नव्या एक्झॉस्टवर ती वरून पडते. मेनूमधून किंवा कनेक्टर काढून ती बंद करा आणि पुन्हा मोजा. उलट, काही गाड्यांत स्पीकरमधून घुमणं मारणारी यंत्रणा असते. तिचे छतातले मायक्रोफोन आणि मूळ अॅम्प्लिफायर तसेच ठेवा.

खरेदी करताना सायलेन्सरवर मान्यतेची खूण आहे का बघा. बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५९ आहे, तो पाळणाऱ्या वस्तूवर तशी खूण कोरलेली असते. तुमच्याकडे तपासणीत काय चालतं ते आधी विचारून घ्या.

मोजून झाल्यावर चार गोष्टी खाली लिहा: घुमतं ते आरपीएम, सुळक्याचे हर्ट्झ, कॅटच्या मागच्या फ्लँजपासून (बोल्टच्या जोडापासून) मागच्या सायलेन्सरपर्यंतची लांबी, आणि सायलेन्सरपासून टीपपर्यंतची. फांदी कुठं जोडायची आणि किती लांब ठेवून सुरुवात करायची, ते हिशेब करून सांगतो.